साहेब अजून नाहीत

सरांनी तसं म्हटलंच नव्हतं. ते मी लिहिलं होतं. एवढी दोन वाक्यं बोलायला मला वर्षातला बराचसा भाग लागला, आणि तेवढ्या काळात एका माणसाचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास उडाला.

गेल्या वर्षी देशाचे एक फार मोठे नेते अचानक दिसेनासे झाले. सभा रद्द, दौरे रद्द, आणि कारण कुणी सांगेना. आमच्याकडे त्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्या दिवसांत कानडी मुलखातल्या आमच्या भालकी तालुक्यात साहेब वारल्याची आवई उठली. बाजार बंद झाला. ही आवई आमच्या सरांच्या तोंडून निघाली असं लोकांनी धरलं. खरं तर ती माझ्या अंगठ्यातून निघाली होती.

सर म्हणजे माझे शाळेतले मास्तर. गावातली मराठी माणसं त्यांना सर म्हणतात, कानडी माणसं मेष्ट्रू, आणि मोहल्ल्यातले लोक मास्टरसाब. सर ज्या त्या हाकेला ज्या त्या भाषेत ओ देतात. 'काय रं', 'एनप्पा', 'बोलो मियाँ'. एकदा एकाच वेळी तिघांनी हाका मारल्या तेव्हा ते रस्त्यात थांबून म्हणाले, "एकेकानं बोला. तोंड एकच हाय."

सर रिटायर झाले तेव्हा शाळेनं हजेरीपट ठेवून घेतला. सवय कशी ठेवून घेणार? दुसऱ्याच दिवशी सकाळी ते बसथांब्याजवळच्या अण्णांच्या हॉटेलात येऊन बसले. लातूरचं मराठी वर्तमानपत्र, कलबुर्गीचं कानडी आणि हैदराबादहून शिळं होऊन येणारं उर्दू, अशी तिन्ही समोर पसरली, चष्मा पुसला आणि बाकावर बसलेल्या माणसांकडे वर्गाकडे बघावं तसं बघितलं.

"चला. हजेरी."

पहिल्या दिवशी लोकांना कळलं नाही. मग सवय झाली. मग चटक लागली.

"पाऊस?"

"गैरहजर!" सगळा बाक ओरडायचा.

"बीदरची पैली गाडी?"

"हजर! खरं, उशिरा!"

"उशिरा आल्याला अर्धी हजेरी. आपले आमदार?"

"फोटोत हजर!"

"फोटोतली हजेरी चालत न्हाई. कुणी डोळ्यांनी बघितलंय का?"

कुणी बघितलेलं नसायचं. मग गैरहजर. असं करत करत ते साहेबांपर्यंत यायचे. काल साहेब कुठं होते, काय बोलले, हे तिन्ही वर्तमानपत्रांत पडताळून पाहायचे आणि मगच 'हजर' म्हणायचे. हे सगळं तीन भाषांत चालायचं, कारण बाकावर तिन्ही भाषांची माणसं असायची. भिजवून परतलेल्या मुरमुऱ्याच्या एकाच बशीला आमच्याकडे कुणी सुशीला म्हणतं, कुणी सुसला. अण्णा दोन्ही नावांना तेवढाच मुरमुरा घालतात.

हॉटेलसमोर एका खतवाल्याचं दुकान आहे. हा गृहस्थ साहेबांचा कट्टर माणूस. त्यानं एकदा सरांना डिवचलं, "मास्तर, तुमी तर सायबाला मत देत न्हाईत. मग रोज हजेरी कामून घेतावं?"

"मग? वर्गातली समदी पोरं माझी लाडकी व्हती व्हय? तू तर मुळीच न्हवतास. तुझी घेतलीच की न्हाई?"

खतवाला त्यांच्याच हाताखाली दोनदा नापास झालेला. तरी तो रागावला नाही. सरांवर रागावणं अवघड होतं. त्यांच्या बोलण्यात टोमणा असायचा, पण तो मारताना ते समोरच्याच्या ताटलीत आपल्यातलं एक भजं टाकायचे.

हजेरी हा शब्द सरांनी कधी हलका घेतला नाही. इतर मास्तर गैरहजर पोराच्या नावापुढे खूण करून मोकळे होत. सर शाळा सुटली की त्याच्या घरी जात. "पोरगं का आलं न्हाई, हे हजेरीपटात लिवल्यालं नसतंय. घरी जाऊन बघावं लागतंय," म्हणत. मी सहावीत असताना भूगोलाच्या भीतीनं तुरीच्या रानात लपून बसलो होतो. तूर डोक्याच्या वर आलेली. मला वाटलं, इथं यमही शोधू शकणार नाही. दुपारी बांधावर सायकल आडवी पडल्याचा आवाज आला. सर बांधावर बसले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि समोरच्या रानाला शिकवावं तसं मांजरा नदीचं खोरं शिकवायला लागले. सगळा धडा झाल्यावर उठले, धोतर झटकलं. "गैरहजर लावलंय. ते काय मी खोडत न्हाई. खरं, धडा झाला तुझा." आणि गेले. मारलं असतं तर मी विसरलो असतो.

माझी नोकरीसुद्धा सरांचीच देणगी. मी इथल्याच एका सरकारी मराठी शाळेत शिक्षक आहे. नोकरीत कायम व्हायला कानडीची परीक्षा द्यावी लागते, आणि माझी कानडी म्हणजे बाजारापुरती. भाव करता यायचा, भांडता यायचं, लिहिता यायचं नाही. सरांनी मला दोन उन्हाळे घरी बोलावून शिकवलं. पडवीत ते शिकवायचे, आत अक्का भाकरी थापायच्या, आणि माझा उच्चार चुकला की तव्याजवळून हसू यायचं.

अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. माहेर कलबुर्गीकडच्या आळंदचं, घरची भाषा कानडी. सरांची पहिली नेमणूक आळंदकडच्या एका खेड्यात झाली होती. त्यांना तेव्हा कानडीचं अक्षर येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी दुकानात जाऊन मीठ मागितलं आणि दुकानदारानं उत्तरादाखल विचारलेलं काही समजेना, म्हणून बिनमिठाचं खाल्लं. पुढे लग्न झालं आणि ते अक्कांकडूनच कानडी शिकले. "माझी कानडी सासुरवाडीची हाय," असं ते अभिमानानं सांगत. घरात दोघं कानडीतच बोलत, भांडत, मुलांना दटावत. एकदा मी विचारलं, "सर, घरात मराठी कामून बोलत न्हाईत?" तर म्हणाले, "मराठीत मी मास्तर हाय. कानडीत मी हिचा विद्यार्थी. घरात विद्यार्थी व्हऊन ऱ्हाणं बरं असतंय."

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं समजायला ते लागतं.

तर साहेब दिसेनासे झाले. सुरुवातीला कुणाचं लक्ष गेलं नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते अर्थातच सरांच्या. एका सकाळी ते तिन्ही वर्तमानपत्रं उलटीपालटी करत बसले आणि म्हणाले, "आज साहेब न्हाईत." बाकावर कुणीतरी गमतीनं 'गैरहजर!' ओरडलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग टीव्हीवाल्यांनीही विषय घेतला आणि हॉटेलात दुसरं बोलणंच उरलं नाही.

काय काय ऐकलं नाही! साहेब परदेशात ऑपरेशनला गेलेत. साहेब हिमालयात मौन धरून बसलेत. पक्षातल्या लोकांनीच त्यांना कोंडून घातलंय. ग्रहण संपेपर्यंत तोंड दाखवू नका असं ज्योतिषानं सांगितलंय. एकजण म्हणाला, केस लावून घ्यायला गेलेत, जखम वाळली की येतील. अण्णांनी चहा गाळता गाळता सांगितलं की टीव्हीवर दाखवतात तो फोटो जुना आहे, कारण अंगावर शाल आहे आणि आता उकाड्यानं जीव चाललाय. या शोधाबद्दल अण्णांना दिवसभर मान मिळाला.

खतवाला मात्र सगळ्यांशी भांडत होता. "सायब मोठं काम करायलेत. गुप्त काम. मोठ्या माणसाला सांगून कुठं जाता येतंय व्हय?"

"अरे, सांगू नको कुठं गेला ते," सर म्हणाले. "बरा हाय एवढं तरी सांगावं की न्हाई? ताप आला असंल. जेवला का म्हणून विचारणारं कुणी हाय का त्याला?"

सगळे हसले. मीही हसलो. सगळा देश साहेब कुठे आहेत यावर भांडत होता आणि आमचे सर त्यांच्या जेवणाची काळजी करत होते. पण सरांचा तो विनोद नव्हता. पोरगं वर्गात आलं नाही तर घरी जाऊन बघायचं, हा त्यांचा नियम होता आणि दिल्ली लांब आहे म्हणून नियम बदलत नव्हता. शेवटी एक दिवस ते इस्त्रीचा सदरा घालून भालकीला तहसील कचेरीत गेले. तिथल्या बाईंना त्यांनी विचारलं, की आमचे साहेब बरेच दिवस दिसले नाहीत, सरकारातर्फे कुणी घरी जाऊन बघून आलंय का?

बाई गोंधळल्या. "कुठले साहेब? तहसीलदार साहेब आत आहेत."

सरांनी कुठले साहेब ते सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, ते आमच्या तालुक्यात येत नाहीत."

"मला ठाऊक हाय. तुमी तुमच्या वरच्याला सांगा. तो त्याच्या वरच्याला सांगंल. असं करत करत कुणीतरी जवळचा निघंलच की."

हे त्यांनी परत येऊन आम्हाला सांगितलं तेव्हा हॉटेलात इतकं हसू झालं की अण्णांच्या हातातली किटली हेलकावली. सरही हसले. मग म्हणाले, "बाई चांगली व्हती. चहा पाजली."

त्यानंतरच्याच एका सकाळी मी ते केलं.

सर रोजच्यासारखे हजेरी घेत होते. साहेबांपाशी आले. मराठीत म्हणाले, "साहेब अजून न्हाईत." उर्दूत म्हणाले, "साहब अभी भी नहीं." आणि कानडीत म्हणाले, "साहेबरु इन्नू इल्ल." इन्नू म्हणजे अजून, इल्ल म्हणजे नाही. साधं वाक्य.

माझा मोबाइल हातात होता. आमचा तालुक्यातल्या मित्रांचा एक ग्रुप आहे, त्यात निम्मे कानडी. त्यांना सरांच्या हजेरीच्या गमती कळवायची मला सवय लागली होती. खरं सांगायचं तर सर मला तिथे माझ्यापेक्षा जास्त लोकप्रिय करत होते. मी घाईघाईनं कानडीत टाइप केलं, 'मेष्ट्रू म्हणाले', आणि पुढे सरांचं वाक्य. फक्त ते दोन शब्द मी जोडून लिहिले. 'साहेबरु इन्निल्ल.'

कानडी येणाऱ्या माणसाला इथे काय झालं ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. 'इन्नू इल्ल' म्हणजे अजून नाहीत. 'इन्निल्ल' म्हणजे आता राहिले नाहीत. हा दुसरा शब्द कानडी वर्तमानपत्रं एकाच जागी मोठ्या अक्षरांत छापतात, गेलेल्या थोर माणसाच्या फोटोवर. आपल्या मराठीत 'साहेब नाहीत' म्हटलं तर घरात नाहीत की जगात नाहीत, हे आवाजावरून ओळखावं लागतं. मला वाटलं कानडीतही तसंच असेल. परीक्षा पास झालो होतो, पण हा फरक माझ्या कानात कधी शिरलाच नव्हता.

मी मोबाइल खिशात घातला आणि शाळेत गेलो.

मधल्या सुट्टीपर्यंत बाजाराची शटरं खाली आली होती. मेष्ट्रू तीन भाषांची वर्तमानपत्रं वाचतात, मेष्ट्रू खात्री केल्याशिवाय बोलत नाहीत, हे सगळ्या भागाला माहीत. त्यामुळे बातमीला पाय नाही, पंख फुटले. खटकचिंचोळीच्या एका डिजिटल बॅनरवाल्यानं श्रद्धांजलीचा फलक छापूनसुद्धा टाकला, वर साहेब हसतायत आणि खाली गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो साहेबांपेक्षा मोठे. खतवाला दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. आमच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडावी की न सोडावी या विवंचनेत पोरांना मैदानात उभं करून ठेवलं होतं.

मी ग्रुप उघडून बघितला. माझं वाक्य मी पुसलं. पण ते तोवर माझं राहिलंच नव्हतं. सगळीकडे फिरत होतं त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. 'मेष्ट्रू म्हणाले' तेवढं होतं.

दुपारी पोलिस आले. फौजदार म्हैसूरकडचा तरुण माणूस, वागायला वाईट नव्हता. त्यानं हॉटेलातच सरांना विचारलं, "हे तुम्ही म्हणालात?"

"व्हय, म्हणालो. रोज म्हणतो."

"काय म्हणालात?"

"साहेबरु इन्नू इल्ल."

फौजदारानं मोबाइल पुढे केला. सरांनी ते वाचलं. परत वाचलं. "मी असं... मी 'इन्नू' म्हणालो व्हतो. मला वाटतंय तसंच म्हणालो व्हतो."

"आजोबा, इतक्या लोकांनी ऐकलंय. तुमच्या भागातली कानडी आहेच अशी, मराठी मिसळलेली. जीभ घसरते. एवढं मान्य करा, लोकांची माफी मागा, म्हणजे मला पुढे काही करायला नको."

गर्दी जमली होती. गर्दीत मी होतो, एका टमटमच्या आडोशाला. ज्या बाकावरच्या माणसांनी सकाळी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यांनाही आता नक्की आठवेना, कारण हजारदा वाचलेला शब्द एकदा ऐकलेल्या शब्दावर बसला होता. सरांनी बाकाकडे बघितलं. अण्णा खाली बघत होते. मी पुढे होऊन ती दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी सरकारी नोकर, अफवेचा गुन्हा, निलंबन, मुलीच्या कॉलेजचा खर्च, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला जास्त लाज वाटते. कानडीची परीक्षा पास झालेल्या मास्तराला साधं वाक्य लिहिता येत नाही, हे लोकांना कळेल याची मला भीती वाटली.

एका पोलिसानं मोबाइल धरला. सर कॅमेऱ्याकडे न बघता, समोरच्या वर्तमानपत्रांकडे बघत कानडीत म्हणाले, "माझी कानडी बरोबर नाही. माझ्या बोलण्यानं लोकांना त्रास झाला. क्षमा करा."

तो व्हिडिओ संध्याकाळी आमच्या ग्रुपवर आला. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला. टाकला नसता तर कुणाला संशय आला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दोन-चार दिवसांत साहेब टीव्हीवर दिसले. कुठल्यातरी पुलाचं उद्घाटन करत होते, थोडे रोड वाटत होते, हात हलवत होते. कुठे होतात, काय झालं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. खतवाल्यानं पेढे वाटले. लोक जुनं सगळं विसरून नव्या विषयाला लागले.

फक्त हॉटेलात हजेरी बंद झाली. सर यायचे बंद झाले. अण्णा काही दिवस तिन्ही वर्तमानपत्रं घेत राहिले, मग उर्दू बंद केलं. पुढे कानडीही. मी सरांच्या घराकडचा रस्ता टाळून शाळेत जायला लागलो. लांबचा पडतो तो रस्ता, पण माणसाला कशाचीही सवय होते.

पावसाळा सरत आलेला असताना अक्का मला आठवडी बाजारात भेटल्या. हातात औषधाची पिशवी. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "काय रे, घर विसरला की आमच?"

"न्हाई अक्का, कामं... सर कसे आहेत?"

"बोलत न्हाईत."

"माझ्यावर रागावलेत?"

"तुझ्यावर कशाला रागवतील? कुणाशी बोलत न्हाईत. बोलले तर मराठी. माझ्याशी पण मराठी! भाकरी वाढ, पाणी दे, समदं मराठी. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला मराठीत हाक मारली न्हाई." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्यांचा थोरला भाऊ आठवतो तुला? शेवटी शब्द विसरला, मग माणसं विसरला, मग गेला. ह्ये म्हणतेत, मला पण तेच लागलं. मी म्हणालो एक, तोंडातून निघालं दुसरं, मला कळलं पण न्हाई. बीदरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणतो, काही न्हाई. ह्ये म्हणतेत, त्याला कुठं कानडी येते, त्याला काय कळणार?"

त्या हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. "कानडी मी शिकवली रे त्यांना. ती चुकली म्हणजे माझीच चुकली की."

त्या गेल्यावर मी बाजारात तसाच उभा राहिलो. इतके महिने मला वाटत होतं की मी सरांची अब्रू घेतली. अब्रू गेली असती तर ती भरून आली असती, लोक विसरलेच होते. मी त्यांना एक आजार दिला होता. तो नसलेला आजार होता आणि त्यावरचं औषध जगात फक्त माझ्याकडे होतं. मी ते खिशात घालून लांबच्या रस्त्यानं हिंडत होतो.

दुसऱ्या सकाळी मी आधी हॉटेलात गेलो. बाकासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ग्रुपवरही लिहिलं, माझ्या नावानिशी. खतवाला पायरीवरून उठून आला. मला वाटलं, मारणार. तो म्हणाला, "त्या दिवशी मी पण मास्तरला लई बोललो रे. घरी जाऊन बोललो." अण्णा एवढंच म्हणाले, "आता हितं कशाला उभा ऱ्हायलास? जा की तिकडं." पुढे मला खात्याची नोटीस आली, तिचं उत्तर मी दिलं आहे, काय व्हायचं ते होईल. तो या लिखाणाचा विषय नाही.

सर पडवीत खुर्चीवर बसले होते. अक्का खाली बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. सर वाळले होते. मला बघून म्हणाले, "ये. बस." मराठीत.

मी बसलो नाही. रात्रभर मी मराठीतली वाक्यं जुळवली होती, पण तिथे उभं राहिल्यावर वाटलं, हे कानडीतच सांगायला हवं. चूक त्या भाषेत होती, आणि ते अक्कांनाही माझ्या तोंडून ऐकू जायला हवं होतं. मी अडखळत, बाजारापुरत्या कानडीत सांगितलं. त्या दिवशी तुम्ही 'इन्नू इल्ल' म्हणालात. मी तुमच्याशेजारी बसून ऐकलं. तुमची जीभ घसरली नाही. 'इन्निल्ल' मी लिहिलं. फौजदार आला तेव्हा मी गर्दीत होतो.

सुपातला आवाज थांबला. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेतला राग मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि तो विसरू नये असंच मला वाटतं.

सरांनी चष्मा काढला, परत घातला. मग हळूच, ओठांतल्या ओठांत, ते दोन शब्द म्हणून बघितले. इन्नू इल्ल. पुन्हा एकदा. अंधारात पायरी चाचपावी तसं.

"तप्पायतु, सर," मी म्हणालो. चूक झाली.

सरांनी मान वर केली. आणि कित्येक महिन्यांनी त्या घरात ते कानडीत बोलले. "यात कर्ता कोण?"

मला समजलं नाही.

"तप्पायतु म्हणजे चूक झाली," ते कानडीतच म्हणाले, वर्गात म्हणत तसं, सावकाश. "पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तसं. ती आपोआप झाली का? वाक्याला कर्ता लाव, आणि पूर्ण सांग."

अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी हात जोडले.

"नानु तप्पु माडिदे, सर," मी म्हणालो. "मी चूक केली. मला क्षमा करा."